मूळ गायकच नाही, मग तो बँड कसला?

ठाण्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 53, खासगी कंपनीत नोकरी, घरी पत्नी आणि वीस वर्षांची मुलगी. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून ओळख पटेल असं सगळं गाळून मजकूर थोडक्यात देते.

हे गृहस्थ रॉकचे कट्टर भक्त. दहावीच्या सुट्टीत मामानं त्यांना टीडीकेची नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून दिली. एका बाजूला लेड झेपलिन, दुसऱ्या बाजूला डीप पर्पल. देताना मामा एवढंच म्हणाला, "ऐक." तिथून जे वेड लागलं ते सुटलं नाही. 1995 साली डीप पर्पल मुंबईत आले, तेव्हा हे पहिल्या नोकरीच्या पगारातून तिकीट काढून गेले होते. त्या तिकिटाचा तुकडा अजून पाकिटात आहे. मुलीलाही लहानपणापासून त्यांनी हेच ऐकवलं. स्कूटरवर पुढे उभी राहून ती पाच वर्षांची पोर तोंडानं गिटार वाजवायची. आता तीच लिंकिन पार्क ऐकते, आणखी कुठले कुठले बँड ऐकते, आणि रोज जेवताना खडाजंगी होते. यांचं म्हणणं, आमच्या काळातलं तेच खरं रॉक, ते 1980 ला संपलं, पुढचा सगळा कचरा, कॉम्प्युटरचं काम. लिंकिन पार्कचा तर मूळ गायकच गेला, त्याच्या जागी बाई आणून उभी केली, मग तो बँड कसला? मुलगी म्हणते, तुमच्या झेपलिननं निम्मी गाणी चोरलेली आहेत.

दोन महिन्यांपूर्वी मुलीची एक मैत्रीण घरी आली. अंगात निर्वाणा या बँडचा टी-शर्ट. यांनी गमतीत विचारलं, "पाच अल्बमची नावं सांग बघू. नाहीतर कशाला घालता हे टी-शर्ट?" त्या मुलीचा चेहरा पडला, दहा मिनिटांत काहीतरी निमित्त काढून ती निघून गेली. तेव्हापासून मुलगी घरात गाण्याचा विषयच काढत नाही. कानात इयरफोन, दार लोटलेलं. पूर्वी बाबांना ती व्हॉट्सॲपवर गाण्यांच्या लिंका पाठवायची. चाळीसेक तरी असतील, यांनी एकही उघडलेली नाही. आता त्याही बंद झाल्या. पत्नीचं म्हणणं, "आधी तुमच्या भांडणानं डोकं उठायचं, आता या शांततेनं उठतं."

पत्रात जाता जाता आणखी दोन वाक्यं आहेत. 2017 मध्ये लिंकिन पार्कचा गायक वारला तेव्हा मुलगी दिवसभर जेवली नव्हती, तेव्हापासूनच मला हे प्रकरण जरा अति वाटतं. आणि दुसरं, जुलै 2025 मध्ये ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला त्या रात्री मी उशिरापर्यंत त्याचे व्हिडिओ बघत बसलो होतो, तेव्हा तिनं न सांगता कॉफी करून आणली, म्हणजे तशी ती गुणी आहे.

त्यांचे प्रश्न: माझं काय चुकलं? चांगलं-वाईट मुलांना कळावं म्हणून बोलायचंच नाही का? आणि तुम्हीही रॉक ऐकता असं एकदा लिहिलं होतंत, तर तुम्हीच सांगा, आमच्यात बरोबर कोण?

*

शेवटचा प्रश्न आधी घेते. पहिले दोन तुम्ही रीतीला धरून विचारलेत, उत्तर तुम्हाला हवंय ते याचंच.

आवडीचं विचाराल तर मी तुमच्या बाजूची आहे. माझ्या कपाटात झेपलिनच्या चार कॅसेट अजून आहेत. वाजवायला टेपरेकॉर्डर नाही, तरी आहेत. पण आवड वेगळी आणि मुद्दा वेगळा. तुमचे मुद्दे मी एकेक करून तपासले, आणि सांगायला वाईट वाटतं, मुलीनं मनात आणलं असतं तर पाच मिनिटांत तिनं तुम्हाला गप्प केलं असतं. केलं नाही, म्हणजे तिला माहीत नव्हतं असं समजू नका.

'मूळ माणूस गेला की बँड संपला' हा तुमचा नियम घेऊ. पाकिटातला तो तिकिटाचा तुकडा काढा. 1995 च्या एप्रिलमध्ये तुम्ही मुंबईत जो डीप पर्पल पाहिलात, त्यात गिटारवर रिची ब्लॅकमोर नव्हता. तो 1993 मध्येच बँड सोडून गेला होता. तुमच्यासमोर वाजवत होता तो स्टीव्ह मोर्स, नुकताच बँडमध्ये आलेला अमेरिकन. बरं, ब्लॅकमोरचंही सोडा. 1968 साली हा बँड उभा राहिला तेव्हा गायक होता रॉड इव्हान्स आणि बास वाजवायचा निक सिंपर. इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले पुढच्या वर्षी. म्हणजे मूळ पाचांपैकी मुंबईच्या मंचावर दोघेच होते, कीबोर्डवर जॉन लॉर्ड आणि ड्रमवर इयन पेस. तुमची लेक स्कूटरवर जी धून वाजवायची ती बहुधा 'स्मोक ऑन द वॉटर'चीच असणार, सगळी पोरं तिथूनच सुरुवात करतात. तेही मूळ संचाचं गाणं नाही, दुसऱ्या संचाचं आहे. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' असं ठळक छापतात आणि आपण तिकीट काढून जातो. तुम्हीही तेच केलंत, आणि तीस वर्षं तो तुकडा जपून ठेवलात. चांगलं केलंत.

हा नियम लावायचाच तर दूरवर लावा. एसी/डीसीचा बॉन स्कॉट फेब्रुवारी 1980 मध्ये गेला, आणि त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी 'बॅक इन ब्लॅक' काढला, जो जगात सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांमध्ये मोजला जातो. आयर्न मेडनचे पहिले दोन अल्बम पॉल डिआनोनं गायलेत, ब्रूस डिकिन्सन आला 1981 मध्ये. पिंक फ्लॉइडचा सुरुवातीचा कर्ता माणूस सिड बॅरेट 1968 मध्येच बाहेर पडला. आणि आता बसा. लिंकिन पार्कचा चेस्टर बेनिंग्टन, ज्याच्याशिवाय तो बँड बँड नाही असं तुम्ही म्हणता, तो मूळ गायक नव्हताच. बँड 1996 मध्ये वेगळ्या नावानं सुरू झाला होता, पहिला गायक मार्क वेकफील्ड. चेस्टर 1999 मध्ये त्याच्या जागी आला.

त्यांची नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग, तिचा आवाज तुम्हाला त्या गाण्यांवर पटत नसेल तर तसं म्हणा. 2024 च्या सप्टेंबरमध्ये तिचं नाव जाहीर झालं तेव्हा चेस्टरवर जीव टाकणाऱ्या कित्येकांनाही पटलं नव्हतं. ते मत झालं, त्यावर भांडता येतं. 'हा बँडच नाही' म्हटलं की समोरच्याला बोलायला काही उरतच नाही. आणि 'बाई आणून उभी केली' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमची मुलगी ते रोज जेवताना ऐकत होती, एवढंच लक्षात आणून देते.

दुसरा मुद्दा, 'आमच्या काळातलं'. तुमच्या काळातलं कुठलं हो? झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम सप्टेंबर 1980 मध्ये गेला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी झेपलिन बंद केला. तुम्ही तेव्हा दुसरीत असाल. पिंक फ्लॉइडचा तो काळ्या कव्हरवरच्या प्रिझमचा अल्बम मार्च 1973 चा, तेव्हा तुम्ही असलात तर पाळण्यात. हा काळ मामाचा. तुमचा काळ म्हणजे 1991: ऑगस्टमध्ये मेटॅलिकाचा काळा अल्बम, सप्टेंबरमध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड', आणि तुम्ही कॉलेजात. त्या वेळी हॉस्टेलवरचे मोठे भाऊ निर्वाणाबद्दल काय बोलायचे ते आठवा. तीन कॉर्ड येत नाहीत, नुसता आरडाओरडा, हेच ना? तुम्ही तेव्हा कुठल्या बाजूला होतात?

आता '1980 नंतर सगळा कचरा'. 1969 हे वर्ष घेऊ. झेपलिनचे पहिले दोन्ही अल्बम त्या एका वर्षातले, वुडस्टॉकचा तीन दिवसांचा जलसाही त्याच वर्षीचा. तुमच्या हिशेबी सुवर्णयुग. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत त्या वर्षीचं एक नंबरचं गाणं होतं 'शुगर, शुगर', द आर्चीज या बँडचं. आर्ची, व्हेरोनिका, जगहेड ही कॉमिक्समधलीच मंडळी. कार्टून! गायला स्टुडिओतले गायक होते, पण बँड कागदावर काढलेला. नव्यांना तुम्ही कॉम्प्युटरचं काम म्हणता, इथे तर वाजवणारेच शाईचे. ते गाणं मामानं तुमच्या कॅसेटवर भरलं नाही. मामानं आणि त्याच्या आधी आणखी दहा जणांनी चाळून, पाखडून जे उरलं ते तुमच्या हातात आलं. ते तुम्ही तुमच्या मुलीच्या न चाळलेल्या पोत्याशी ताडून बघताय. त्या पोत्यात खडे असणारच. कुठले खडे आणि कुठले दाणे हे आज तिलाही सांगता येणार नाही, तुम्हाला आणि मला तर नाहीच. झेपलिनचा पहिला अल्बम आला तेव्हा रोलिंग स्टोन मासिकानं त्याची चांगली हजेरी घेतली होती. ते लिहिणारेही चांगलं-वाईट कळणारेच लोक होते.

(नव्यांची पंचाईत अशी की जुन्यासारखं वाजवलं तरी सुटका नाही. मिशिगनच्या एका छोट्या गावातली पोरं, ग्रेटा व्हॅन फ्लीट. हुबेहूब झेपलिनसारखी वाजतात म्हणून समीक्षकांनी त्यांना फाडून खाल्लं. 2019 मध्ये ग्रॅमी मिळालं तरी टोमणे थांबले नाहीत. वेगळं वाजवलं तर 'हे रॉक नाही', तसंच वाजवलं तर 'ही नक्कल'. मग त्यांनी करायचं काय?)

चोरीचं मात्र मुलगी अर्धं बरोबर बोलते, आणि ते अर्धं तुम्ही मोकळ्या मनानं द्यायला हवं होतं. 'होल लॉटा लव्ह' या गाण्याच्या शब्दांवरून विली डिक्सन या ब्लूजच्या थोर गीतकारानं 1985 मध्ये झेपलिनवर दावा लावला, 1987 मध्ये तो आपसात मिटला आणि पुढे गाण्यावर त्याचं नाव आलं. हे झेपलिनभक्तांना माहीत असतं, आपण फक्त विषय बदलतो. मीही बदललाय.

पण उरलेलं अर्धं जास्त रंगतदार आहे. झेपलिनच्या 1971 च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं आठवा, नदीकाठचा बांध फुटण्याचं. 1927 मध्ये मिसिसिपीला महापूर आला, त्यावर 1929 मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडप्यानं ते गाणं रेकॉर्ड केलं. साधी गिटार, साधा गळा. बेचाळीस वर्षांनी झेपलिननं ते उचललं, मिनीचं नाव गाण्यावर दिलं, आणि इंग्लंडमधल्या एका जुन्या प्रशस्त वाड्यात जिन्याच्या पायथ्याशी बॉनमचा ड्रम मांडला, माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. ठोका जिन्यातून वर चढत जाऊन घुमतो तो आवाज, ऐकला की छातीत बसतो. 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या बीस्टी बॉईजनी नेमका तोच ठोका उचलून आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्याखाली घातला आणि वर रॅप केलं. रॅप आणि जड गिटार यांचं लग्न त्या काळात असं कुठे कुठे लागत होतं, आणि त्याच घरातलं पुढचं लेकरू म्हणजे ऑक्टोबर 2000 मधला लिंकिन पार्कचा पहिला अल्बम. मिसिसिपीच्या पुरापासून तुमच्या मुलीच्या इयरफोनपर्यंत सगळ्यांनी आधीच्यांचं उचललंय. चोर म्हणायचं तर सगळ्यांना म्हणा, नाहीतर घराणं म्हणा. मला घराणं म्हणायला आवडतं, पण मिनीचं नाव घेतल्यावरच. विलीचं नाव यायला अठरा-वीस वर्षं लागली, हा डाग डागच राहणार.

तर निकाल विचारलात, तो असा: दोघांच्याही हातात अर्धी अर्धी माहिती, आणि आवाज पूर्ण.

आता टी-शर्टकडे येते. हा माझ्या दृष्टीनं पत्रातला सगळ्यात जड भाग आहे, तुम्ही तो 'गमतीत' या शब्दानं हलका केलाय.

आधी एक तांत्रिक बाब. निर्वाणाचे स्टुडिओत केलेले पूर्ण अल्बम तीनच आहेत: 1989, 1991 आणि 1993. एप्रिल 1994 मध्ये कर्ट कोबेन गेला. पाच भरायचे तर सुटी गाणी गोळा केलेला एक संग्रह आणि न्यूयॉर्कचा तो अनप्लग्ड कार्यक्रम ओढूनताणून आणावा लागतो. म्हणजे पेपर काढणाऱ्यालाच अभ्यासक्रम माहीत नव्हता. ती पोर निरुत्तर झाली ती तिला येत नव्हतं म्हणून, की तुमची चूक तोंडावर दाखवायला लाजली म्हणून, कोण जाणे.

मला हा प्रश्न विचारला गेलाय, म्हणून मी जरा तिखट होतेय. धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा दरवर्षीचा जलसा सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. उघड्यावरचं थिएटर, पावसाळी हवा, सगळीकडे मुलंच मुलं, आम्ही मोजून चार मुली. माझ्या अंगात भावाचा डीप पर्पलचा टी-शर्ट. एका मुलानं हसत हसत विचारलं, "ड्रमर कोण यांचा?" मला येत होतं. पण त्याच्यामागे उभे असलेले पाच-सहा जण उत्तराची वाट बघत होते, उत्तर चुकावं म्हणून. माझा आवाजच फुटला नाही. पुढचे दोन बँड मी काय ऐकले आठवत नाही. इयन पेस. इतक्या वर्षांनी आज वरच्या परिच्छेदात लिहून टाकलं, बरं वाटलं.

टी-शर्ट आवडला म्हणून घातला, इतकं पुरेसं असतं. मी पिंक फ्लॉइडची पहिली कॅसेट घेतली ती प्रिझमचं चित्र सुंदर दिसलं म्हणून. गाणी नंतर आली. तुमच्या घरी त्या दिवशी एक मुलगी उंबरठ्यात उभी होती. घरात निर्वाणा तरुणपणी, गरम गरम ऐकलेला एक माणूस होता. तिला त्यानं 'नेव्हरमाइंड' कॅसेटवर पहिल्यांदा ऐकला तेव्हाची गोष्ट सांगितली असती तर ती तासभर हलली नसती, आणि तुमच्या मुलीनं कॉलेजात आठवडाभर मिरवलं असतं, 'माझे बाबा'.

आता ती दोन वाक्यं. तुम्ही ती ओघात लिहून गेलात, मी त्यांच्यापाशी थांबले.

20 जुलै 2017 ला चेस्टर गेला. तुमची मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. दिवसभर जेवली नाही, ते तुम्हाला अति वाटलं. 22 जुलै 2025 ला ऑझी गेला. आपल्या बर्मिंगहॅम गावी शेवटचा कार्यक्रम करून, सिंहासनावर बसून गाऊन, त्याला अडीच आठवडेही झाले नव्हते. तुम्ही मध्यरात्रीपर्यंत जागलात. तिनं कॉफी आणली. 'बाबा, अति होतंय' म्हणाली नाही, 'असे गायक येतात नि जातात' म्हणाली नाही. तुम्ही कधीही न भेटलेल्या एका इंग्रज म्हाताऱ्यासाठी का जागताय हे तिला विचारावं लागलं नाही, कारण आठ वर्षांपूर्वी ती त्याच जागी बसली होती, एकटी. तुम्ही त्यावरून निष्कर्ष काढलात, गुणी आहे. आहेच. पण मला त्यात गुणीपणापेक्षा काहीतरी जास्त दिसतं. तुम्ही लहानपणी स्कूटरवरून तिला जे दिलंत ते तिनं घेतलंय, यादी फक्त बदललीय.

म्हणून 'चांगलं-वाईट कळावं म्हणून बोलायचंच नाही का' या प्रश्नाला माझं उत्तर: बोला ना, खूप बोला. गप्प बसणं हा उपाय नाही, तुमच्या पत्नीला ते तुमच्या आधी कळलंय. आणि उद्यापासून 'वा वा, काय छान तुमचे नवे बँड' असं खोटं कौतुकही सुरू करू नका. वीस वर्षांची मुलं ते दोन वाक्यांत ओळखतात आणि मग खरं बोलेनाशी होतात. आपल्याकडे असे वाद जुने आहेत. माझे आजोबा बालगंधर्वांच्या बाजूचे आणि त्यांचे सख्खे भाऊ केशवराव भोसल्यांच्या. 1921 च्या जुलैत दोघांनी मुंबईत एकत्र 'संयुक्त मानापमान' केलं, ते झाल्यावर तरी भांडण मिटावं? उलट पुढची चाळीस वर्षं कोणाला वन्समोर जास्त मिळाले यावर दिवाळीच्या फराळाला जुंपायची. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला 'ते गाणंच नाही' म्हटलं नाही, म्हणून चाळीस वर्षं चाललं.

करायचं काय, ते सांगते.

आधी त्या मैत्रिणीचं. मुलीमार्फत निरोप नको, ती पुढच्या वेळी येईल तेव्हा तुम्ही स्वतः बोला, दोन वाक्यं: "त्या दिवशी मी नको ते विचारलं. आणि पाच अल्बम नाहीतच, मलाच माहीत नव्हतं." तिसरं वाक्य बोलू नका. तिसऱ्या वाक्यात आपल्या पिढीचा माणूस हमखास निर्वाणाचा इतिहास सांगायला घेतो.

मग त्या चाळीस लिंका. मामानं तुम्हाला कॅसेट दिली तेव्हा 'ऐक' म्हणाला आणि गेला, तुमची परीक्षा घेतली नाही. मुलीनं तुम्हाला चाळीस वेळा 'ऐक' म्हटलंय. तारखेनुसार पहिलीपासून सुरू करा, रोज एक. लोकलमध्ये, चालताना, कुठेही. ऐकून झाल्यावर तिला लगेच मत कळवू नका. आठवड्यानं एखादं ठेवणीतलं विचारा, "त्या अमक्या गाण्यात मध्येच सगळं थांबतं आणि नुसता पियानो राहतो, ते मुद्दाम का?" एवढं नेमकं विचारलंत म्हणजे तिला कळेल की तुम्ही ऐकलंय. ती गप्प राहिली तर राहू दे. दोन महिन्यांची अढी एका प्रश्नानं सुटत नाही.

बोलणं परत सुरू झालं की रविवारी गाडीत आळीपाळीनं एकेक अल्बम, अथपासून इतिपर्यंत. ज्याची पाळी त्यानं निवडायचा, दुसऱ्यानं तो संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, 'पुढचं लाव' म्हणायचं नाही. नंतर घाट उतरेपर्यंत काय भांडायचं ते भांडा. एकच बंदी: 'हे रॉक नाही' आणि 'हे चोरलेलं आहे' ही दोन वाक्यं दोघांनाही वर्ज्य. ती बोलायची सोय नसली की माणसाला खरोखर काहीतरी ऐकून बोलावं लागतं.

तुमच्या पाळीला निकाल सांगण्यापेक्षा गोष्ट सांगा. ब्लॅक सॅबथ थोर आहे म्हणालात की ती खिडकीबाहेर बघेल. त्याऐवजी त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीचं सांगा. बर्मिंगहॅमचा पत्र्याच्या कारखान्यातला सतरा वर्षांचा पोरगा, यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, दुखू नये म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल सोडून खालच्या सुरात लावू लागला, आणि त्यातून तो जडशीळ, अंधारा आवाज घडत गेला. आज तिच्या फोनवरच्या कुठल्या कुठल्या बँडमध्ये तो आवाज आहे, हे तुम्ही दाखवू नका. ती दाखवेल.

असंच पत्र वर्षाला दोन-तीन तरी येतं. कधी कुमार गंधर्वांवरून, कधी जुन्या-नव्या हिंदी गाण्यांवरून, कधी कॉलेजच्या ग्रुपवर पन्नाशीचे मित्र एकमेकांना ब्लॉक करतात म्हणून. त्या सगळ्यांनाही रविवारची पद्धत चालेल, गाडी नसली तरी गच्ची असते. आणि हे वाचणाऱ्या विशीतल्यांना एक विनंती. बाबा 'आमच्या वेळी' म्हणाले की डोळे फिरवू नका, त्यांना वर्ष विचारा. नेमकं साल सांगायला लागले की माणसं गोष्ट सांगायला लागतात, आणि भाषण आपोआप थांबतं.

राहता राहिलं एक. हल्ली मुंबईत मोठे बँड येतात. 2025 च्या पहिल्या पाच महिन्यांत नवी मुंबईला कोल्डप्ले झाले, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ग्रीन डे आणि गन्स एन रोझेस झाले. पुढच्या वेळी कोण येतंय ते तिला बघू दे, निवड तिची, पैसे तुमचे. पुढचं उभं राहायचं महागडं तिकीट घेऊ नका. चार-पाच तास उभं राहून या वयात गुडघे बोलायला लागतात, मी दोन दिवस जिना उतरताना कठडा धरून उतरत होते. कानात घालायला मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, ते घ्या, लाजू नका. आणि तिकिटं दोन नका काढू, तीन काढा. ती मैत्रीण येणार का विचारा. आली तर अंगात काय घालून आलीय, तिकडे बघू नका.